गाडीची पुढची जाळी घरी बदलताना: लॉक न तोडता काढायची आणि फट न ठेवता बसवायची रीत

जाळी समोरून ओढून निघत नाही. घरी जाळी बदलताना जे मोडतं, त्यातलं बहुतेक याच एका गैरसमजामुळे. वस्तू समोर दिसते, म्हणजे ती समोरूनच निघणार असं वाटतं आणि बोटं घालून किंवा स्क्रू ड्रायव्हर खुपसून ती उचकटली जाते. पण जाळीचे लॉक, म्हणजे बंपरच्या खाचांत अडकणाऱ्या तिच्या प्लॅस्टिकच्या जिभा, असतात मागे, बंपरच्या पोटात. समोरून ओढलं की ते सुटत नाहीत, तुटतात. जुन्या जाळीचा लॉक तुटला तर फारसं बिघडत नाही, ती टाकूनच द्यायची आहे. बंपरची खाच तुटली तर मात्र नवी कोरी जाळीही खडखडत राहते, आणि मग प्लॅस्टिक वेल्डिंग किंवा बंपर बदलणं याशिवाय चांगला उपाय उरत नाही.

म्हणून या लेखात काढण्या-बसवण्याइतकाच भर तयारीवर आणि क्रमावर दिला आहे. सोबत एक माणूस आणि मोकळी सकाळ एवढं हाताशी हवं. एकट्याने आणि संध्याकाळच्या उजेडात हे काम सुरू करू नका.

आधी बघा: जाळी कशाला धरून आहे

बॉनेट उघडा आणि वरून खाली नीट बघा. बॉनेटबरोबर जाळीही वर गेली, तर ती बॉनेटलाच आतून नटांनी धरलेली आहे. जाळी खाली राहिली, पण बंपर आणि जाळी हे सरळ दोन वेगळे तुकडे दिसतात आणि जाळीचे स्क्रू वरून हाताला लागतात, तर ती बॉडीला बसवलेली आहे. जुनी मारुती ८०० किंवा बोलेरो या धाटणीच्या गाड्यांत असं असतं. या दोन्ही प्रकारांत बंपर काढावा लागत नाही.

तिसरा प्रकार आजच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडानमध्ये दिसतो, स्विफ्टसारख्या गाड्यांत. जाळी बंपरला मागून लॉकने आणि काही ठिकाणी बारीक स्क्रूने अडकवलेली असते. इथे बंपर उतरवल्याशिवाय जाळी सुखरूप निघत नाही. ‘बंपर न काढता हात घालून होतं’ असं सांगणारे भेटतील. वरचे लॉक होतीलही. खालचे होत नाहीत, आणि हात मात्र एसीच्या कंडेन्सरवर, म्हणजे रेडिएटरपुढच्या नाजूक पाकळ्यांच्या चौकटीवर, घासतो. पुढचं सगळं या तिसऱ्या प्रकारासाठी लिहिलं आहे.

या गाड्यांना घरी हात लावू नका

पुढे रडार असलेली गाडी, म्हणजे समोरचं अंतर राखून चालणारी किंवा आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असलेली. रडार बऱ्याचदा लोगोच्या मागे किंवा खालच्या जाळीत असतं. ते जरासं तिरकं बसलं तरी चुकीचं वाचतं, आणि पुन्हा कॅलिब्रेट करायला लागणारी साधनं घरी नसतात. जाळीत ३६० अंशांचा कॅमेरा असेल तरीही वर्कशॉप बरं.

अपघातात नाक आत दबलं असेल, एअरबॅगचा दिवा विझत नसेल किंवा बंपरमागची लोखंडी पट्टी वाकलेली दिसत असेल, तर प्रश्न फक्त जाळीचा राहिलेला नाही.

विम्याचा क्लेम करायचा असेल तर सर्वेक्षकाने पाहण्याआधी काहीच काढू नका. पण क्लेमचा हिशेब आधी मांडा. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, त्यातून सक्तीची वजावट जाते, आणि नो क्लेम बोनस गमावला जातो तो वेगळाच. नुसती जाळी फुटली असेल तर बहुतेक वेळा खिशातून बदलणंच परवडतं.

नवी जाळी घेताना

मॉडेलचं नाव सांगून जाळी आणू नका. एकाच नावाच्या गाडीचं रूप दर काही वर्षांनी बदलतं. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन जाळ्यांच्या लॉकच्या जागा वेगळ्या निघतात. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. कंपनीच्या पार्टच्या दुकानात हे काम काउंटरवरच होतं. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला घेत असाल, तर तोच नंबर दाखवून मागा.

दुकानातच जाळी उलटी करून मागची बाजू बघा. लॉकची टोकं धारदार आणि सारख्या जाडीची हवीत. स्वस्तातल्या जाळीत लॉकच्या मुळाशी साच्यातलं जादा प्लॅस्टिक पापुद्र्यासारखं चिकटलेलं असतं. तेवढ्याने लॉक पूर्ण बसत नाही. आडवी धरून एका टोकाकडून नजर लावा. पीळ दिसला तर परत करा. बंपरच्या खाचा ताणून पीळ सरळ करता येत नाही.

दिसायला भारी म्हणून बारीक छिद्रांची किंवा जवळजवळ बंद जाळी घेणाऱ्यांना कळकळीने सांगतो, घेऊ नका. रेडिएटर आणि कंडेन्सरला लागणारी हवा तिथूनच येते. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात, एसी लावून घाट चढताना, हा फरक तापमानाच्या काट्यावर दिसतो. किडे अडवायला मागून डासांची जाळी लावणं हाही त्यातलाच प्रकार.

जाळीसोबत बंपर धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या दहा-बारा जादा क्लिपा घ्या, आणि नमुन्याला जुनी एक क्लिप बरोबर न्या. क्लिपेची जाडी एका मिलिमीटरने चुकली तरी ती एकतर शिरत नाही किंवा पहिल्याच खड्ड्यात गळून पडते.

लागणारं सामान

- दहाचा (१० मिलिमीटरचा) पाना किंवा दहाची गोटी (सॉकेट), लांब एक्स्टेन्शनसह
- फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, एक लांब आणि एक आखूड
- प्लॅस्टिकच्या उचकटायच्या पट्ट्या. नसतील तर चपटा स्क्रू ड्रायव्हर, टोकाला टेप गुंडाळून
- मास्किंग टेप, जाड गोधडी, जाड पुठ्ठा
- दोन-तीन निकामी एटीएम कार्डं (यांचा उपयोग टप्पा ६ मध्ये कळेल)
- स्क्रू वेगळे ठेवायला चार वाट्या आणि मार्कर
- गंजलेल्या स्क्रूसाठी डब्ल्यूडी-४० किंवा तसा स्प्रे

गाडी जॅकवर घ्यायची गरज नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर डोकं घालूच नका.

टप्पा १: आदल्या दिवशी धुलाई

बंपरची खालची कड आणि चाकांच्या कमानी पाण्याच्या फवाऱ्याने आणि ब्रशने धुवा. पावसाळ्यानंतर क्लिपांच्या खाचांत चिखल वाळून दगड झालेला असतो. कोकणातल्या गाडीत तिथे लाल माती आणि वर गंज, दोन्ही सापडतं. अशी क्लिप ओढली की डोकं हातात येतं आणि दांडा आत राहतो. गंजलेल्या स्क्रूवर स्प्रे मारून रात्रभर राहू द्या.

दुसऱ्या दिवशी गाडी सपाट जागी, इंजिन पूर्ण थंड. डिसेंबरातल्या थंड सकाळी काम असेल तर गाडीचं नाक अर्धा तास उन्हात ठेवा. गार प्लॅस्टिक ठिसूळ असतं, कोमट झालं की लवतं. हीट गन मात्र नको, क्रोमचा मुलामा फुगतो.

टप्पा २: फोटो, मग चाकाकडचे स्क्रू

सुटायच्या आधी प्रत्येक जागेचा फोटो काढा. बॉनेट आणि बंपरमधली फट, हेडलॅम्पखालची फट, दोन्ही बाजूंनी. पुढे जुळवताना हेच फोटो कामी येतात.

बरेच लोक बॉनेटपासून सुरुवात करतात. चाकाकडून करा. कारण साधं आहे: चाकाच्या कमानीत, बंपर आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) जिथे मिळतात तिथला स्क्रू गाठायला स्टिअरिंग वळवावं लागतं, आणि बॅटरी सोडल्यावर किंवा किल्ली काढल्यावर ते वळवायला त्रास होतो.

डाव्या बाजूचं काम असेल तेव्हा स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवा. डाव्या चाकाची पुढची कड आत जाते आणि कमानीत हात घालायला जागा होते. इंजिन बंद, हँडब्रेक वर, मग काम. तो स्क्रू आणि कमानीतल्या काळ्या लायनरच्या (प्लॅस्टिकच्या अस्तराच्या) पुढच्या क्लिपा काढा, लायनर थोडं मागे दुमडा. मग स्टिअरिंग डावीकडे, आणि उजव्या बाजूला तेच.

*सावधान: हा स्क्रू कधी खालून वर, कधी मागून पुढे लागलेला असतो आणि लायनर दुमडल्याशिवाय दिसत नाही. बंपरचा कोपरा फाटण्याचं सर्वांत मोठं कारण हा राहून गेलेला स्क्रू आहे.*

टप्पा ३: बॅटरी आणि पंखा

चाकं सरळ करा, किल्ली काढा. चावीविना सुरू होणारी गाडी असेल तर चावी घरात ठेवा. बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडून बाजूला बांधा आणि काही मिनिटं थांबा. काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक फिरतो, आणि आपले हात तिथेच असणार आहेत.

बंपरमागे पिवळा कपलर (तारांचा जोड) दिसला तर तो एअरबॅगच्या यंत्रणेचा समजा. तो काढायचा नाही, त्याच्या आसपास ठोकाठोक करायची नाही.

टप्पा ४: वरच्या आणि खालच्या क्लिपा

बॉनेटच्या लॉकजवळ रेडिएटरवर काळं प्लॅस्टिकचं झाकण असेल तर त्याच्या क्लिपा आधी. इथे घाई नडते, कारण सगळ्या क्लिपा एकाच पद्धतीने निघत नाहीत.

मधल्या खुंटीच्या कडेला बारीक खाच असेल, तर पट्टीचं टोक खाचेत घालून खुंटी वर उचला. ती साधारण अर्धी वर आली की आख्खी क्लिप सुटते. खुंटी सपाट असून कडेला खाच नसेल, तर ती आत दाबायची, २ ते ३ मिलिमीटर, ‘टक’ होईपर्यंत. त्याहून जास्त दाबली तर खुंटी आत पडते. खुंटीवर फुली असेल तर ती हलक्या हाताने उलटी फिरवायची आणि फिरवताना क्लिपेची कड पट्टीने किंचित वर धरायची. नाहीतर सगळी क्लिप जागेवरच गरगरते.

वरचे दहाचे बोल्ट काढा, पण मधला एक दोन-तीन आटे सैल करून राहू द्या. बंपर त्यावर लटकून राहील. मग खाली झोपून खालच्या क्लिपा आणि स्क्रू. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या वाटीत: वर, खाली, डावं, उजवं. लांबी वेगळी असते. खालच्या जागी चुकून लांब स्क्रू लावला तर तो मागच्या एखाद्या तारेत घुसू शकतो.

*तपासा: बंपरचा प्रत्येक भाग बोटाने किंचित हलवून बघा. जो भाग हलत नाही, तिथे काहीतरी राहिलं आहे. हेडलॅम्पच्या खाली आणि मधोमध खालच्या कडेला बघा. राहतं ते इथेच.*

टप्पा ५: बंपर उतरवणं

फेंडरच्या कडेला, बंपर जिथे टेकतो तिथे, मास्किंग टेपचे दोन थर लावा. रंग खरवडतो तो याच जागी.

आता दुसऱ्या माणसाला पुढे बंपरच्या खाली हात देऊन उभं करा. तुम्ही चाकाच्या कमानीत, बंपरच्या कडेमागे बोटं घाला आणि कोपरा बाहेरच्या बाजूला, म्हणजे गाडीपासून आडवा, ओढा. पुढे ओढायचं नाही. टक-टक करत बाजूचे खटके सुटत हेडलॅम्पकडे जातील. मग दुसरी बाजू. दोन्ही कोपरे मोकळे झाले की मधला बोल्ट काढा आणि बंपर वीतभरच पुढे घ्या. वीतभरच, कारण फॉग लॅम्पच्या तारा, पार्किंग सेन्सर, बाहेरचं तापमान मोजणारा छोटा सेन्सर, एखाद्या गाडीत हॉर्नची तारसुद्धा अजून जोडलेली असते.

कपलर काढताना आधी तो किंचित आत ढकला, मग खटका दाबा, मग ओढा. आत ढकलल्याने खटक्यावरचा ताण जातो. तार धरून कधीच ओढू नका.

नंबर प्लेटला हात लावायचा नाही. हाय सिक्युरिटी प्लेटचे स्नॅप लॉक एकदाच बसतात, आणि जाळीसाठी प्लेट काढावी लागत नाही.

बंपर बाजूला गेला की कंडेन्सरसमोर पुठ्ठा उभा करा. त्याच्या ॲल्युमिनियमच्या पाकळ्या बोटाच्या दाबानेही वाकतात. पान्याचा एक घाव नळीवर बसला तर एसीचा गॅस गेला. पुठ्ठा लावल्याची चिठ्ठी स्टिअरिंगवर चिकटवा. तो आत विसरून गाडी चालवली तर इंजिन तापेल.

टप्पा ६: जाळी सोडवणं

बंपर गोधडीवर पालथा घाला. जाळी पुढे आलेली असेल तर दोन्ही बाजूंना उशा द्या, म्हणजे वजन जाळीवर येणार नाही. आधी बारीक स्क्रू शोधून काढा. काही गाड्यांत ते लॉकच्या दोन ओळींच्या मधे लपलेले असतात.

लॉक एका टोकापासून क्रमाने सोडवा. मधूनच सुरुवात केली की जाळी कमानीसारखी वाकते आणि टोकाचे लॉक मोडतात. पहिला लॉक पट्टीने दाबला, सुटला, आणि तुम्ही दुसऱ्याकडे वळलात की पहिला परत अडकतो. इथेच माणसं वैतागून हिसका देतात. त्याऐवजी सुटलेल्या लॉकमागे एटीएम कार्डाचा तुकडा सरकवून ठेवा. तो परत बसत नाही. चार-पाच लॉक सुटले की तुकडा काढून पुढे न्या.

बंपरच्या एखाद्या खाचेचा कान तरीही तुटला, तर फेविक्विकवर भरवसा ठेवू नका. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा असतो आणि त्यावर असले गोंद टिकत नाहीत. मागे प्लॅस्टिकच्या प्रकाराचा ठसा असतो, तो वाचा. जाळीवर बहुतेक वेळा एबीएस लिहिलेलं सापडतं. त्यावर दोन नळ्यांचा इपॉक्सी बरा धरतो. बंपरचा कान मात्र प्लॅस्टिक वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या.

टप्पा ७: नवी जाळी

जुनी आणि नवी जाळी पाठ वर करून शेजारी ठेवा. प्रत्येक लॉक, प्रत्येक स्क्रूचं भोक जुळवून बघा. नुसत्या अंदाजावर पुढे जाऊ नका.

लोगो बदलायचा असेल तर आधी तो कसा धरला आहे ते मागून बघा. खटके असतील तर दाबून सोडा. दुहेरी टेपवर असेल तर मासेमारीचा नायलॉन दोरा मागून करवतीसारखा ओढा. नवी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळल्यावरच टेप लावा.

आता उलट क्रम. आधी दोन्ही टोकं टेकवा, मग एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे लॉक दाबत या. प्रत्येक लॉकचा आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर मागून बघा. लॉक खाचेच्या बाहेर दुमडलेला असतो. सगळे बसल्यावर मगच स्क्रू. प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू आधी उलटा फिरवा, बोटाला हलकी ‘टिक’ जाणवेपर्यंत, आणि तिथून सुलटा आवळा. असं केलं की तो जुन्याच आट्यात जातो. नाहीतर नवा आटा कापतो आणि दोन-तीन वेळांत भोक ढिलं होतं.

*तपासा: बंपर उभा धरून हलवा. जाळीचा आवाज आता आला तर गाडीवर येणारच.*

टप्पा ८: बंपर परत चढवणं

पुठ्ठा काढा. चिठ्ठीही काढा.

बंपर गाडीजवळ आणून आधी सगळे कपलर जोडा. तापमानाचा सेन्सर त्याच्या मूळ जागी अडकवा. तो तसाच लोंबकळत राहिला आणि रेडिएटरच्या उष्णतेत आला तर बाहेरचं तापमान भलतंच दिसतं आणि ऑटो एसी त्याच आकड्यावर चालतो. वरचा मधला बोल्ट दोन आटे. मग दोन्ही कोपऱ्यांचे खटके तळव्याने, हेडलॅम्पकडून चाकाकडे, थापटत बसवा. नंतर बाकीचे वरचे बोल्ट, चाकाकडचे स्क्रू, खालच्या क्लिपा, सगळं सैल. चाकाकडच्या स्क्रूसाठी स्टिअरिंग पुन्हा वळवावं लागेल. निगेटिव्ह टोक त्याआधी जोडून घ्या.

दाबायच्या प्रकारची क्लिप परत लावताना तिची खुंटी आधी मागून ढकलून वर काढा, क्लिप भोकात घाला, आणि मग खुंटी कडेच्या पातळीपर्यंतच दाबा. खुंटी आत असतानाच क्लिप ठोकली तर ती बसल्यासारखी दिसते आणि पहिल्या महामार्गावर उडते.

आता टप्पा २ मधले फोटो समोर ठेवून फटी जुळवा. डावी-उजवी सारखी झाली की आवळा. धातूत जाणारे बोल्ट हाताने घट्ट. प्लॅस्टिकवरचे वॉशर टेकेपर्यंत, त्यापुढे नाही.

बॉनेट बंद करण्याआधी हळूच खाली आणून बघा, कुठे टेकत नाही ना. हेडलॅम्प, इंडिकेटर, फॉग लॅम्प, हॉर्न लावून बघा. काचा आपोआप वर जायच्या बंद झाल्या असतील तर घाबरू नका. बॅटरी सोडल्याने तसं होतं, गाडीच्या पुस्तकातल्या पद्धतीने पुन्हा शिकवाव्या लागतात. जाळी बदललीच आहे तर पुढे लोखंडी गार्ड लावायचा मोह टाळा: तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो, आणि एअरबॅगच्या सेन्सरला धक्का पोचण्याची वेळही बदलतो.

आवाज येत असेल तर

पाच-सात किलोमीटर, खराब रस्त्यावरून आणि मग थोड्या वेगात, फिरून या. खड्ड्यात ‘टक’ होत असेल तर कोपऱ्याचा खटका पूर्ण बसलेला नाही. वेग वाढला की शिट्टी वाजत असेल तर जाळीची वरची कड उचललेली आहे किंवा रेडिएटरवरचं झाकण लावायचं राहिलं आहे. चालू इंजिनवर उभ्या गाडीत बारीक थरथर ऐकू आली तर बहुधा एखादी तार बंपरला टेकते आहे; ती मूळ क्लिपेत अडकवा. खालून फडफड येत असेल तर लायनरची पुढची क्लिप बघा, आणि ती आजच लावा: सुटलेलं लायनर टायरला घासून फाटतं आणि जाताना बंपरचा कोपराही ओढून नेतं.